चौथ्या दिवशीची काळी लघवी: हिवतापाची गोळी आणि जी6पीडीची कमतरता

पार्श्वभूमी

हे प्रकरण गडचिरोली जिल्ह्यातल्या एका जंगलगावातलं आहे. गाव, तालुका आणि दवाखाने कोणते ते मुद्दाम सांगत नाही, रुग्णाचं नावही बदललं आहे. त्याला मंगरू म्हणू. वय 19, वजन 46 किलो, माडिया समाजातला. घरी आई आणि दहावीतला धाकटा भाऊ. मोठी बहीण शेजारच्या गावात दिलेली, त्या वेळी पाच महिन्यांची गरोदर. दिवस रोवण्याचे होते. नाला वाहत नसेल तर उपकेंद्र तासाभराच्या पायवाटेवर आहे. नाला भरला की पाणी उतरेपर्यंत गावाला वाट नाही.

महाराष्ट्रातल्या हिवतापाच्या रुग्णांत गडचिरोलीचा वाटा वर्षानुवर्षं मोठा राहिला आहे. इथं फाल्सिपेरम आणि व्हायवॅक्स असे दोन्ही परजीवी सापडतात, म्हणून आशाताईकडे दोन्ही ओळखणारी आरडी किट (झटपट तपासणीचा संच) असते. मंगरूला थंडी वाजून ताप येत होता. आशाताईनं बोट टोचलं, व्हायवॅक्स निघाला. तक्त्याप्रमाणे तिनं क्लोरोक्विन तीन दिवस (4, 4 आणि 2 गोळ्या) आणि प्रायमाक्विन रोज 15 मिलिग्रॅम, 14 दिवस, असे उपचार सुरू केले. यात तिचं काहीही चुकलेलं नव्हतं.

प्रायमाक्विन कशाला, हे आधी सांगायला हवं, कारण पुढचा सगळा पेच त्यातूनच आला. क्लोरोक्विन रक्तातला परजीवी मारतं. पण व्हायवॅक्सचे काही परजीवी यकृतात सुप्त पडून राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जागे होऊन पुन्हा ताप आणतात. त्यांच्यावर क्लोरोक्विन चालत नाही, प्रायमाक्विन चालतं. आपल्याकडे पूर्वी ही गोळी व्हायवॅक्ससाठी 5 दिवस देत असत. तेवढ्यानं भागत नाही हे कळल्यावर कोर्स 14 दिवसांचा झाला. ताप तिसऱ्या दिवशीच उतरतो आणि उरलेल्या गोळ्या घराच्या आढ्यात खोचल्या जातात, हा सगळ्यांचा अनुभव. त्यामुळे प्रत्येक प्रशिक्षणात एकच वाक्य घोकून घेतलं जातं: कोर्स पूर्ण करा.

आणखी एक बारीक गोष्ट. तक्ता वयाचा आहे. 14 वर्षांवरच्या प्रत्येकाला 15 मिलिग्रॅम. 60 किलोच्या माणसाला ते किलोमागे 0.25 मिलिग्रॅम पडतं. मंगरूसारख्या 46 किलोच्या पोराला 0.33 पडतं. बहुतेकांना या फरकानं काही होत नाही.

अडचण कुठे सुरू झाली

चौथ्या दिवशी सकाळी आशाताई समोर गोळी गिळवायला गेली. ताप उतरला होता. मंगरूची आई म्हणाली, "ताप नाही जी ताई. पण लघवी कोऱ्या चहासारखी होऊन राह्यली. अन् डोळे पिवळे दिसते."

आशाताईनं लघवी पाहायला मागितली. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात मोलाची तपासणी तीच, आणि तिला स्टीलच्या वाटीपलीकडे काही लागलं नाही.

तिच्यापुढे दोन सूचना होत्या आणि दोन्ही सरकारीच. एक, कोर्स पूर्ण करा. दुसरी, लघवी काळपट झाली, डोळे पिवळे झाले, ओठ निळसर पडले, पोटात दुखलं किंवा उलट्या झाल्या तर प्रायमाक्विन लगेच बंद करून डॉक्टरांकडे पाठवा. पहिली सूचना भिंतीवरच्या पोस्टरवर असते. दुसरी मार्गदर्शक पुस्तिकेच्या आत असते.

टेकाडावर जाऊन तिनं एका जुन्या आरोग्य कर्मचाऱ्याला फोन लावला. ते म्हणाले, तापानंतर लघवी पिवळी होतेच, पाणी पाज आणि गोळी दे. मी इतकी वर्षं ही गोळी वाटून राह्यलो, कोणाला काही झालं नाही. त्यांचा अनुभव खोटा नव्हता. ज्यांच्यात जी6पीडी या एन्झाइमची कमतरता नाही त्यांना खरंच काही होत नाही, आणि ज्यांना झालं त्यातले किती जण परत सांगायला आले असतील?

आशाताईनं गोळी दिली नाही. नंतर तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पिवळी असती तर दिली असती सर. ही काळी होती."

डोळे पिवळे म्हणजे कावीळ, आणि कावीळ म्हणजे पुजारी. घरच्यांनी त्या दुपारी त्याला पुजाऱ्याकडे नेलं. या गोष्टीवरून त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही: कावीळ झाल्यावर झाडपाला घ्यायचा हे गडचिरोलीतच काय, नागपुरातही चालतं. पुजाऱ्यानं पाला दिला, तेल-मीठ बंद केलं. पाचव्या दिवशी मंगरू उठून उभा राहायला गेला आणि कोसळला. खाटेला बांबू बांधून चौघांनी त्याला नाल्यापार डांबरी रस्त्यापर्यंत आणलं, तिथून 108 नं ग्रामीण रुग्णालयात.

रुग्णालयातला पेच

हिमोग्लोबिन 6.8. आश्रमशाळेत असताना झालेल्या तपासणीच्या कार्डावर 11.6 होतं. नाडी 124. ताप नाही. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर 90 दाखवत होता, पण छाती साफ होती. बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य) 5.4, त्यातलं बहुतेक अप्रत्यक्ष, म्हणजे लाल पेशी फुटल्यानं वाढणारं; यकृताची चाचणी एसजीपीटी जवळपास ठीक. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन 1.5, म्हणजे वाढलेलं.

काविळीबरोबर रक्त उतरलेला तरुण समोर आला की विदर्भातल्या डॉक्टरच्या मनात पहिला शब्द सिकलसेल (हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार) येतो, आणि तो यायलाच हवा. सोल्युबिलिटी चाचणी केली, पॉझिटिव्ह आली. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी केसपेपरवर 'सिकलसेल क्रायसिस' लिहिलं. सलाईन, वेदनाशामक, फॉलिक अॅसिड, असा नेहमीचा मार्ग सुरू झाला.

इथे प्रकरण बंद होऊ शकलं असतं. तसं झालं असतं तर ताप-कोर्स अर्धवट राहिला म्हणून कोणीतरी प्रायमाक्विन परत सुरू केलं असतं.

सोल्युबिलिटी चाचणी रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच सांगते. माणूस वाहक (एएस) आहे की आजारी (एसएस), हे त्यातून कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी लागते. वाहकाच्या पेशी अशा एकाएकी फुटत नाहीत. मंगरूला कधी सांधे-हाडं दुखण्याचे झटके आले नव्हते, लहानपणी रक्त चढवलं नव्हतं, 19 व्या वर्षी तो नांगर धरत होता. एसएसची ही कहाणी नव्हे. पुढे अहवाल आला तो एएसच निघाला.

संध्याकाळी प्रयोगशाळा तंत्रज्ञानं एक विसंगती दाखवली. लघवीच्या पट्टीवर रक्त तीन प्लस, पण सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी जवळजवळ नाहीत. याचा अर्थ लघवीतून पेशी जात नव्हत्या, फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन जात होतं. मग शक्यता उरल्या त्या अशा: गंभीर हिवताप, पण परजीवी तर रक्तात दिसेनासे झाले होते. लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदरांच्या मुतानं दूषित पाण्यातून होणारा आजार, रोवण्याच्या दिवसांत नेहमी मनात ठेवायचा, पण ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं यातलं काहीच नव्हतं. विषाणूची कावीळ, पण एसजीपीटी ठीक आणि बिलिरुबिन अप्रत्यक्ष. उरलं औषध. आशाताईच्या रजिस्टरमध्ये तारखेसह लिहिलं होतं: प्रायमाक्विन तीन दिवस, चौथा दिवस 'दिली नाही, लघवी काळी'.

हे एन्झाइम करतं काय

ग्लुकोज-6-फॉस्फेट डिहायड्रोजनेज, म्हणजे जी6पीडी, हे ग्लुकोज वापरण्याच्या एका आडवाटेवरचं पहिलं एन्झाइम. पेशीत शिरलेलं बहुतेक ग्लुकोज ऊर्जेसाठी जळतं. थोडं ग्लुकोज मात्र पेंटोज फॉस्फेट मार्गाला लागतं, आणि त्या मार्गाच्या तोंडाशी जी6पीडी बसलेलं असतं. तिथं एनएडीपीएच नावाचा रेणू तयार होतो. एनएडीपीएच ग्लुटाथायोनला कामाच्या अवस्थेत ठेवतं आणि ग्लुटाथायोन हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या घातक ऑक्सिडंटना निकामी करतं.

शरीरातल्या इतर पेशींना एनएडीपीएच मिळवायचे आणखी मार्ग आहेत. लाल पेशीला नाहीत, कारण तिच्यात मायटोकॉन्ड्रिया नसतात. तिची सगळी भिस्त जी6पीडीवर. शिवाय तिच्यात केंद्रकही नसतं, म्हणजे एन्झाइम झिजलं तर नवं बनवता येत नाही. सुमारे 120 दिवसांच्या आयुष्यात जन्मतः मिळालेल्या साठ्यावरच तिला भागवावं लागतं. म्हणून तरुण पेशीत एन्झाइम जास्त, म्हाताऱ्या पेशीत कमी. मंगरूच्या प्रकरणात पुढे जे जे गोंधळाचे प्रसंग आले ते या एका गोष्टीनं उलगडतात, म्हणून ती लक्षात ठेवा.

ज्याच्यात एन्झाइम मुळात कमी किंवा अस्थिर असतं, तोही एरवी ठणठणीत असतो. प्रायमाक्विनसारखं औषध पोटात गेलं की लाल पेशीत ऑक्सिडंटचा भार वाढतो, हिमोग्लोबिन बिघडून त्याचे गोळे होतात आणि पेशी फुटतात. दोन-तीन दिवसांत लघवी काळी. काही हिमोग्लोबिनचं मेटहिमोग्लोबिन होतं, जे ऑक्सिजन वाहत नाही. छाती साफ असूनही ऑक्सिमीटर 90 का दाखवत होता, याचं उत्तर हे.

या कमतरतेचा शोधच या गोळीमुळे लागला. अमेरिकेत इलिनॉयमधल्या स्टेटव्हिल तुरुंगात शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी कैद्यांवर हिवतापाच्या औषधांचे प्रयोग केले. त्यात काही कृष्णवर्णीय कैद्यांचं रक्त प्रायमाक्विननं उतरत होतं. 1956 मध्ये कार्सन, आल्विंग आणि सहकाऱ्यांनी त्याचं कारण म्हणून या एन्झाइमची कमतरता दाखवली. बंदिवानांवर केलेल्या त्या प्रयोगांच्या नैतिकतेवर आज बोट ठेवलं जातं ते योग्यच आहे. पण ज्ञान तिथूनच आलं हेही खरं. तिथे आणखी एक विचित्र गोष्ट दिसली होती. गोळी चालू ठेवूनही काही दिवसांनी पेशी फुटणं आपोआप थांबत होतं. म्हाताऱ्या पेशी आधी संपल्या, आणि उरलेल्या तरुण पेशींत निभावण्याइतकं एन्झाइम होतं. हे सौम्य प्रकारातच घडतं. भूमध्यसागरी नावानं ओळखल्या जाणाऱ्या तीव्र प्रकारात तरुण पेशींचाही निभाव लागत नाही, आणि तो प्रकार भारतातही सापडतो. त्याखेरीज आपल्याकडे ओरिसा आणि केरळ-कल्याण हे प्रकार आढळतात; त्यातला ओरिसा आदिवासी समाजांत विशेष.

जगात 40 कोटींहून अधिक लोकांत ही कमतरता असल्याचा अंदाज आहे. जिथे हिवताप पिढ्यानपिढ्या राहिला तिथेच ती जास्त दिसते, कारण ती गंभीर हिवतापापासून काहीसं संरक्षण देते असं मानलं जातं. सिकल वाहकांचंही तसंच. मंगरूमध्ये दोन्ही एकत्र सापडणं हा म्हणूनच फार मोठा योगायोग नव्हे.

रक्त इथेच द्यायचं की पुढे पाठवायचं

सहाव्या दिवशी पहाटे हिमोग्लोबिन 5.9 झालं. ग्रामीण रुग्णालयात रक्तसाठवणूक होती, पण मंगरूचा गट बी, आणि शिल्लक पिशवी त्या गटाची नव्हती. पर्याय तीन. गोळी बंद झालीच आहे, तर वाट पाहायची. जिल्ह्याहून रक्त मागवायचं. किंवा रुग्णच पाठवायचा.

वाट पाहणं वाटतं तितकं वेडेपणाचं नाही, सौम्य प्रकारात पेशी फुटणं थांबतं. पण प्रकार सौम्य आहे हे कोणाला माहीत होतं? लघवी अजून काळी होती, क्रिएटिनिन वर सरकत होतं आणि फुटलेल्या हिमोग्लोबिननं मूत्रपिंड बसण्याची भीती होती. आभाळ भरलेलं. पाठवायचं ठरलं, सलाईन चालू ठेवून, सोबत आशाताईच्या रजिस्टरच्या पानाचा फोटो. मला हा निर्णय बरोबर वाटतो. रक्त मागवलं असतं तर कदाचित तेही आलं असतं, पण मूत्रपिंडाची पुढची सोय आली नसती.

जिल्ह्याच्या ठिकाणी ओठांचा निळसरपणा आणि काढलेल्या रक्ताचा तपकिरी रंग पाहून एका तरुण डॉक्टरनं मेटहिमोग्लोबिन ओळखलं आणि मिथिलीन ब्लू सुचवलं. पुस्तकात तेच लिहिलेलं असतं. वरिष्ठ फिजिशियननी अडवलं. मिथिलीन ब्लूला काम करायला एनएडीपीएच लागतं. जिथे जी6पीडीच नाही तिथे ते औषध उपयोगी पडत नाही, उलट आणखी पेशी फोडू शकतं. ऑक्सिजन दिला, दोन पिशव्या रक्त दिलं, पाणी आणि लघवीचा हिशेब ठेवला. आठव्या दिवशी लघवी निवळली. डायलिसिस लागलं नाही.

'नॉर्मल' आलेला अहवाल

रक्त चढवण्यापूर्वी घेतलेल्या नमुन्यावर जी6पीडीची चाचणी झाली. निकाल: नॉर्मल.

फुटण्याचा भर ओसरताना रक्तात उरतात त्या तरुण पेशी, आणि अस्थिमज्जा घाईघाईनं आणखी नव्या पेशी सोडत असते. चाचणी मोजते ती त्यांचं एन्झाइम. ज्या पेशींत ते नव्हतं त्या तर आधीच फुटून गेल्या. म्हणून अशा वेळी आलेलं 'नॉर्मल' ग्राह्य धरत नाहीत. तीन महिन्यांनी, रक्तात सगळ्या वयाच्या पेशी परत आल्यावर आणि चढवलेल्या रक्ताचा प्रभाव गेल्यावर, पुन्हा चाचणी करतात.

डिस्चार्ज कार्डावर आधी नुसतं 'जी6पीडी नॉर्मल' लिहिलं गेलं होतं. फिजिशियननी खाली लाल शाईत भर घातली: 'तीव्र रक्तविघटनाच्या वेळची चाचणी, विश्वसनीय नाही. 3 महिन्यांनी परत. तोवर प्रायमाक्विन नाही.' ती ओळ नसती तर पहिल्या छापील ओळीनं मंगरूला पुढच्या तापात पुन्हा तीच गोळी मिळवून दिली असती.

नोव्हेंबरमध्ये धान कापणीच्या दिवसांत चाचणी परत झाली. कमतरता निघाली.

डिसेंबरमधला ताप

डिसेंबरमध्ये मंगरूला परत व्हायवॅक्स झाला. यकृतातलेच परजीवी जागे झाले की नव्या डासानं दिला, हे ओळखायची सोय नव्हती. पण प्रायमाक्विनचे तीनच दिवसांचे डोस गेले होते, तेव्हा पहिली शक्यता दाट. क्लोरोक्विन दिलं, नेहमीच्या मात्रेत ते जी6पीडीच्या कमतरतेत चालतं.

प्रश्न पुढचा होता आणि त्यावर डॉक्टरांत एकमत झालं नाही. एक मत असं की, प्रायमाक्विनचं नाव काढायचं नाही, दर वेळी ताप आला की क्लोरोक्विन द्यायचं. मरता मरता वाचलेल्या पोराला तेच औषध द्यायला कोणाचा हात धजेल? दुसरं मत, जागतिक आरोग्य संघटनेनं सुचवलेला आठवड्याचा डोस: किलोमागे 0.75 मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, कडक देखरेखीखाली. यामागचा विचार तोच, पेशींच्या वयाचा. एका डोसनं थोड्या म्हाताऱ्या पेशी फुटतात, मधल्या सहा दिवसांत नव्या तयार होतात, आणि पुढच्या डोसाला रक्त थोडं अधिक तरुण असतं. कंबोडियात कमतरता असलेल्या रुग्णांना असा कोर्स दिला तेव्हा बहुतेकांचं निभावलं, पण एकाला रक्त द्यावं लागलं होतं.

मला पहिल्या मताची भीती समजते, पण तिच्यातही जोखीम आहे. दर दोन-तीन महिन्यांनी ताप, दर तापात उतरणारं रक्त, बुडालेली मजुरी, आणि एखाद्या पावसाळ्यात नाल्यापलीकडे अडकलेला मंगरू. शेवटी आईला आणि त्याला दोन्ही बाजू सांगितल्या, माडिया बोलणाऱ्या नर्सबाईंच्या तोंडून. मंगरूनं एकच विचारलं, "दवाखान्यात राहून घेतो म्हटलं तर चालते का?"

तेच ठरलं. पहिले दोन डोस तो ग्रामीण रुग्णालयात राहून घेणार. 46 किलोला 34.5 मिलिग्रॅम; हातातल्या 7.5 आणि 2.5 च्या गोळ्यांत 35 चा हिशेब बसला. जेवणानंतर गोळी, रोज लघवी पाहायची, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी हिमोग्लोबिन, बी गटाची पिशवी आधीच आणून ठेवलेली. वेळ हिवाळ्याची निवडली ती रस्ता उघडा असतो म्हणून. पहिल्या डोसनंतर हिमोग्लोबिन 12.1 वरून 11.2 वर आलं, आठवडाअखेर 11.5. दुसऱ्यानंतर फारसं हललं नाही. उरलेले सहा आशाताईनं दिले, दर वेळी वाटी मागून.

घरातले बाकीचे

या एन्झाइमचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलाला एक्स आईकडूनच मिळतो, म्हणजे मंगरूची कमतरता आईकडची. आईला विचारलं तर तिला आपला भाऊ आठवला: जंगल कामावर असताना तापाच्या गोळ्या घेऊन त्याचीही लघवी काळी झाली होती. कागद काहीच नाही. पण हा प्रश्न पहिल्या दिवशी कोणी विचारला असता तर उत्तर तयार होतं.

धाकट्या भावाची चाचणी नॉर्मल आली. बहिणीचीही झटपट चाचणी नॉर्मल आली, आणि इथे पुन्हा अडखळायला हवं. स्त्रीत दोन एक्स असतात आणि प्रत्येक पेशीत त्यातला एकच चालू असतो. म्हणून वाहक बाईच्या रक्तात चांगल्या आणि कमतर अशा दोन्ही पेशी मिसळलेल्या. झटपट चाचणी साधारण 30 टक्क्यांखालचं एन्झाइम पकडते; मधल्या बाया तिच्यातून निसटतात. बहिणीची मोजमाप करणारी चाचणी वैद्यकीय महाविद्यालयात झाली तेव्हा आकडा पन्नाशीच्या आसपास आला.

गरोदरपणात प्रायमाक्विन देतच नाहीत, तेव्हा तो धोका नव्हता. पण लघवीच्या जंतुसंसर्गासाठी नायट्रोफ्युरॅन्टॉइन द्यायचं नाही हे तिच्या कार्डावर लिहिलं गेलं, कारण तेही अशा पेशी फोडू शकतं. मुलगा झाला तर कमतरतेची शक्यता निम्मी, आणि कमतरता असलेल्या बाळाला तीव्र कावीळ होऊ शकते, म्हणून बाळंतपण घरी न करता रुग्णालयात ठरवलं. मुलगाच झाला. तिसऱ्या दिवशी पिवळा पडला, निळ्या दिव्याखाली ठेवला, उतरलं. डांबर गोळ्यांनीही अशा पेशी फुटू शकतात, म्हणून बाळाचे कपडे त्या घातलेल्या पेटीत ठेवू नका हे आजीला सांगितलं. तिनं पेटीच बदलली.

निष्पत्ती

आठवा डोस झाल्यानंतरच्या पावसाळ्यात मंगरूला हिवताप झाला नाही. काय खायचं नाही, असं घरच्यांनी सारखं विचारलं. मोबाइलवर कोणीतरी त्यांना वाल बंद करायला सांगितला होता. धोक्याची शेंग बाकल्याची, ती वेगळी आणि इकडे क्वचितच मिळते. वालाच्या शेंगा खुशाल खा म्हटल्यावर आईचा चेहरा खुलला.

त्याच्या कार्डावर टाळायच्या औषधांत आता प्रायमाक्विनखेरीज डॅप्सोनही आहे. विदर्भाच्या या पट्ट्यात ते महत्त्वाचं, कारण कुष्ठरोगाच्या एमडीटीत (अनेक औषधांच्या एकत्र उपचारात) डॅप्सोन रोज असतं. पुढे कधी साखर तपासायची वेळ आली तर एचबीए1सीवर (सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या चाचणीवर) विसंबू नका, असंही लिहिलं आहे: लाल पेशी लवकर संपत असतील तर तो आकडा खोटाच कमी येतो.

काय वेगळं करता येईल

गोळी सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाची चाचणी, हे उत्तर लगेच सुचतं आणि दिशा म्हणून ते बरोबरही आहे. पण मोजमाप करणाऱ्या हातातल्या यंत्रांना ठरावीक तापमानाच्या आतच काम करता येतं, आणि मे महिन्यात चंद्रपूर-गडचिरोलीकडची दुपार ते कसं पाळणार? शिवाय यंत्र उपकेंद्रापर्यंतच पोचतं, तापाचा रुग्ण आशाताईच्या ओसरीवर असतो. तिथे पहिल्या दिवशी दोन प्रश्न विचारता येतात: घरात, मामाकडे कोणाची गोळीनंतर लघवी काळी झाली होती का? पूर्वी कधी तुझी? क्लोरोक्विन लगेच सुरू करून, हो उत्तर आलेल्याचं प्रायमाक्विन चाचणीपर्यंत थांबवलं तर काही बिघडत नाही; यकृतातले परजीवी आठवडाभरात कुठे जात नाहीत.

तिसऱ्या-चौथ्या दिवसाची भेट मात्र सगळ्यांची व्हावी, आणि तिचं काम गोळी गिळवण्याइतकंच लघवी बघण्याचं असावं. 'कोर्स पूर्ण करा'च्या पोस्टरवर त्याच अक्षरांत 'लघवी काळी झाली तर बंद करा' छापलं, तर आशाताईला टेकाडावर चढून दोन सूचनांतली एक निवडावी लागणार नाही.

पुजाऱ्याशी नंतर आशाताई स्वतः बोलली. कावीळ तुम्ही बघा, पण लघवी काळी असेल तर आधी मला निरोप द्या, एवढंच. त्यानं मान्य केलं, आणि पुढच्या पावसाळ्यात एक निरोप आलाही. तो रुग्ण लेप्टोस्पायरोसिसचा निघाला.

एकाच डोसात व्हायवॅक्सचं मूळ उपटणारं टॅफेनोक्विन आता काही देशांत वापरात आहे. ते शरीरात कित्येक दिवस राहतं, त्रास झाला तर प्रायमाक्विनसारखं बंद करता येत नाही, म्हणून 70 टक्क्यांहून अधिक एन्झाइम मोजून खात्री झाल्याशिवाय देत नाहीत. मंगरूला ते चालणार नाही, आणि झटपट चाचणीत नॉर्मल आलेल्या त्याच्या बहिणीलाही नाही.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. मिरची तोडायला मंगरू दर वर्षी तेलंगणात जातो आणि तिथल्या डॉक्टरला मराठी कार्ड वाचता येत नाही. सिरोंच्याकडच्या एका औषध दुकानदारानं मागच्या बाजूला तेलुगूत औषधांची नावं लिहून दिली आहेत. ठेकेदार मजुरांची कागदपत्रं आधीच काढून घेतो, म्हणून मंगरूनं कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवला आहे.